व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं: फोंड्याच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याच्या एका ताईंनी, वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर, मे महिन्याच्या अखेरीस व्यायामाला सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनांचा व्यायाम आणि तीन दिवस पहाटे फर्मागुढीचा चढ चढून परत खाली. रात्रीचा भात बंद केला, त्या जागी उकड्या तांदळाची पेज, सोबत चेपणीचं तोर, म्हणजे खारवलेली कैरी, नाहीतर सुका बांगडा. मांड्या दुखतात म्हणून अधूनमधून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी. पहिल्या दिवशी वजन ७०.८ किलो होतं, चोवीस दिवसांनी काटा ७२.३ दाखवतो. जिमचा ट्रेनर म्हणतो, ‘मसल वाढतंय, चांगलं आहे.’ नणंद म्हणते, ‘तुला व्यायाम मानवत नाही, सोड.’ त्या विचारतात, ‘एवढं करून वजन वाढत असेल तर माझं नेमकं काय चुकतंय?’

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. व्यायामात तुमचं काहीही चुकलेलं नाही. काट्यावर दिसणारं ते दीड किलो जवळजवळ सगळं पाणी आहे. त्यातलं बरंचसं तुमच्या शरीरानं कामासाठी मुद्दाम साठवलंय, थोडं दुखऱ्या मांड्यांत जमलंय, आणि उरलेलं मिठामुळे आणि त्या गोळ्यांमुळे अडकून बसलंय. पहिल्या दोन्हींची काळजी करू नका. शेवटच्या दोन्हींबद्दल मात्र आजपासून काहीतरी करायला हवं, ते पुढे सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकोणीस वर्षं फोंड्यात आणि आसपासच्या गावांत हेच काम करते. गुडघे, कंबर, खांदे घेऊन माणसं येतात, बरी झाली की मी त्यांना चालायला आणि वजनं उचलायला लावते. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. दुसऱ्यात अंग ठणकतं तरी येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळती लागते. फोन केला की आधी कामाचं, पावसाचं, घरी आलेल्या पाहुण्यांचं कारण निघतं, आणि जरा बोलत राहिलं की खरं बाहेर येतं: ‘वजन वाढलं हो, मग काय उपयोग?’ शरीर आतून सगळ्यात जोमानं बदलत असतं त्याच दिवसांत माणूस काट्याकडे बघून घरी बसतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून उत्तर थोडं लांबवतेय, तेवढं सांभाळून घ्या.

आधी हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. दीड किलो चरबी चढायची तर साडेअकरा हजारांच्या वर किलोकॅलरी खर्च भागून शिल्लक पडायला हव्यात. चोवीस दिवसांवर वाटल्या तर रोज ४८० च्या आसपास. भाताच्या भाषेत बोलायचं तर रोज अडीच वाट्या शिजलेला भात नेहमीच्या जेवणाच्या वर. तुम्ही तर भात कमी केलाय आणि चालणं वाढवलंय. रोज अडीच वाट्या भात जास्त पोटात जात असता तर ते तुमच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसतं. तेव्हा ही चरबी आहे हा विचार डोक्यातून काढून टाका.

हाच हिशेब ट्रेनरच्या वाक्यालाही लावायला हवा. नव्यानं वजनं उचलणाऱ्या बाईनं खाणं, झोप सगळं नीट सांभाळलं तरी महिन्याला पाव ते अर्धा किलो स्नायू वाढला तर पुष्कळ झालं. चोवीस दिवसांत दीड किलो स्नायू होत नाही. पण तो मुलगा खोटं बोलतोय असं समजू नका. त्याच्याकडे बहुधा ते मशीन आहे, ज्यावर अनवाणी उभं राहिलं की चरबी किती, स्नायू किती याचे आकडे येतात. ते मशीन अंगातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतं. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही, आणि त्यावरून मशीन अंदाज बांधतं. अंगात पाणी वाढलं की ते सरळ ‘चरबी नसलेला भाग वाढला’ असं दाखवतं आणि कागदावर ते ‘मसल’ म्हणून छापून येतं. आकडा खरा आहे, त्याला दिलेलं नाव चुकलंय.

मी यावर एवढी अडून बसते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच सांगत असे, कारण ते ऐकून समोरच्याचा चेहरा खुलतो. एक गृहस्थ त्याच समजुतीवर सहा महिने राहिले. पोट वाढत गेलं, पट्ट्याचं भोक बदललं, तरी ‘मसल आहे, मॅडमनीच सांगितलंय’. शेवटी साखरेचा रिपोर्ट आला तेव्हा दोघांचेही डोळे उघडले. तेव्हापासून मी गोड वाटेल असं उत्तर देत नाही, खरं असेल तेच देते.

आता तुमच्या मांड्यांकडे वळू. चढावर दम लागतो म्हणून सगळे चढाची धास्ती घेतात. स्नायूंची खरी परीक्षा उतरताना होते. फर्मागुढीहून खाली येताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच अंगाचं सगळं वजन पेलतो, गाडीनं उतारावर ब्रेक दाबून धरावा तसा. अशा लांब होत पेललेल्या वजनानं स्नायूच्या धाग्यांना अतिशय बारीक इजा होते. डोळ्यांना दिसणारी नव्हे, पण शरीर ती गंभीरपणे घेतं. दुरुस्तीसाठी तिथे रक्त जास्त येतं, पेशी येतात, त्यांच्याबरोबर पाणी येतं आणि स्नायू थोडा सुजतो. ठेच लागलेला अंगठा सुजलेला दिसतो. मांड्या आणि नितंब हे आपल्या अंगातले सगळ्यात मोठे स्नायू, त्यांची सूज डोळ्यांना कळत नाही, काट्याला मात्र कळते. दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आठवतंय ना पहिल्या आठवड्यातलं?

या इजेबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट अशी की तोच उतार पुन्हापुन्हा उतरलात की स्नायू त्याला सरावतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेवढं दुखत नाही आणि सूजही तेवढी येत नाही. पण ट्रेनरनं नवा व्यायाम दिला, वजन वाढवलं, की त्या आठवड्यात काटा पुन्हा चारशे-पाचशे ग्रॅमनं वर जाऊ शकतो. हे आत्ताच माहीत असू द्या, म्हणजे जुलैत पुन्हा धक्का बसणार नाही.

दुसरं कारण मला स्वतःला फार आवडतं. आपले स्नायू पिठूळ अन्नातली साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवून ठेवतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघा संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलवर दोघे समोरासमोर बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारलं. दुसरा पाय स्वस्थ. कामाचा पाय पुरता थकेपर्यंत हे चाललं. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण, आणि जाड सुईनं दोन्ही मांड्यांतला कणभर स्नायू काढून तपासणी. स्वस्थ बसलेल्या पायात साठा जवळपास होता तेवढाच राहिला. राबलेल्या पायात तो दुपटीच्या आसपास गेला. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच, फरक फक्त कामाचा. राबणारा स्नायू पुढच्या वेळेसाठी जास्त साठवतो.

आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरतात तसंच हे. पाऊस येणार हे माहीत असतं म्हणून तांदूळ, मिरची, सोलां, सुकी मासळी डब्यांत जाते. तुमच्या स्नायूंना तीन आठवड्यांत कळलंय की ही बाई आता रोज राबवणार आहे, म्हणून त्यांनीही पुरुमेंत भरायला घेतलंय. आणि हा साठा सुका राहत नाही. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. तुमच्या स्नायूंनी दीडशे ग्रॅम जास्त साठवलं असं धरलं तर पाण्यासकट सहाशे ग्रॅम झाले. तुमच्या दीड किलोतला मोठा वाटा इथेच सापडला. भात-पोळी एकदम बंद करणाऱ्यांचं वजन पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतं तेही याच डब्यातून. चरबी तेवढ्या लवकर जात नाही, पुरुमेंत रिकामं होतं. चवथीला चार दिवस नेवऱ्या-पातोळ्या खाल्ल्या की ते पुन्हा भरतं आणि माणूस म्हणतो, ‘सगळं परत आलं!’

रक्ताचंही तसंच. नियमित चालायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग दहाएक टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुमच्या बांध्याच्या बाईत पाव लिटरभर. उकाड्यात घाम गाळत चाललं तर हे आणखी ठळकपणे होतं. त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि तोच चढ कमी धापेत चढता येतो. एक मात्र लक्षात असू द्या. याच दिवसांत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसू शकतं, कारण तेवढ्याच तांबड्या पेशी जास्त पाण्यात पसरलेल्या असतात. पण आपल्याकडे खऱ्याखुऱ्या लोहाच्या कमतरतेच्या बायका इतक्या आहेत की ‘व्यायामामुळे झालं असेल’ म्हणून तो रिपोर्ट बाजूला ठेवू नका, डॉक्टरांना दाखवाच.

आता मिठाकडे येते, कारण तुमच्या रात्रीच्या ताटानं मला थांबवलं. भात सोडून पेज घेतलीत, चांगलं केलंत. पण चेपणीचं तोर म्हणजे मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरलेली कैरी. सुका बांगडा मिठातच वाळवलेला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग आणि कमी, त्यामुळे या दोन महिन्यांत गोव्यातल्या बहुतेक घरांत सुक्या सुंगटांची किसमूर, खारं, मिसकूट, पापड यांचा हात सैल होतो. तुम्ही व्यायाम सुरू केलात आणि पुरुमेंताचे डबे उघडले, दोन्ही एकाच पंधरवड्यात. सलाईनच्या बाटलीत एका लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं, आणि रक्तातल्या पाण्याशी ते प्रमाण जवळपास जुळतं. नेहमीपेक्षा तीन-चार ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, शरीर त्या मानानं चारशेएक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रोज रात्री जास्त मीठ गेलं तर ते पाणी उतरायला सवडच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते. तोर आणि बांगडा सोडा असं मी सांगणार नाही, मी स्वतः त्याशिवाय पेज खात नाही. पण एका रात्री दोन्ही नकोत. बांगडा भाजण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा, ते पाणी फेका, तोर अर्धंच घ्या आणि पेजेत वरून मीठ घालू नका. आठवड्यातल्या चार रात्री त्या जागी मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ) किंवा अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक असू दे. दुखऱ्या स्नायूंना दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतात, ती नुसत्या पेजेत अगदीच थोडी असतात. अंडं चालत असेल तर उत्तम.

गोळ्यांचं मात्र मी स्पष्ट सांगते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडांवर परिणाम करतात आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. काहींचा रक्तदाबही वाढतो. घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या घेणं मूत्रपिंडांना त्रासाचं. व्यायामानंतरची मांडीदुखी तीन-चार दिवसांत आपोआप जाते, तिला गोळी लागत नाही. सपाटीवर हळू चालणं, गरम पाण्याची आंघोळ, रात्रीची झोप एवढं पुरतं. सांधा दुखत असेल, गुडघा सुजला असेल, तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्यासाठी गोळी मेडिकलवाल्यानं ठरवायची नसते.

पाळीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. ती यायच्या आधीच्या आठवड्यात अर्धा ते दोन किलो वजन वर जाणं हे नेहमीचं. तुमचं पहिलं वजन पाळी संपल्यावरचं आणि आत्ताचं पाळीच्या तोंडावरचं असेल, तर नुसत्या त्या एका कारणानंही एवढा फरक पडू शकतो. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागते, मग हे गणित आणखी गुंतागुंतीचं होतं. कॅलेंडरवर खूण करत जा.

एवढं सगळं वाचून असं वाटू देऊ नका की काटा कधी खरं बोलतच नाही आणि खाण्याकडे बघायचं कारण नाही. फर्मागुढीला जाऊन येण्यात तुमच्या वजनाच्या बाईचे दीडशे-दोनशे किलोकॅलरी खर्च होतात. खाली उतरल्यावर हॉटेलात पातळ भाजी, दोन उंडे (गोल पाव) आणि साखरेचा चहा घेतला तर सहज तीनशेच्या वर जातात. मिर्चीभजं वेगळं. पहाटे चालणारे कितीतरी गट मी हॉटेलच्या बाकांवर बघते, गप्पांची गोडी मला कळते, आणि त्या गप्पांमुळेच दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा चालायला येतो हेही खरं. गप्पा मारा, चहा घ्या, भाजी-उंडा आठवड्यातून एकदा. दुसरं, व्यायाम केला की उरलेल्या दिवसात माणूस नकळत कमी हलतो. जिन्याऐवजी लिफ्ट, दुपारी जरा जास्त आडवं. भूकही वाढते. म्हणून नुसत्या व्यायामानं वजन फार उतरत नाही, उतरतं ते खाण्याला हात घातल्यावर. रक्तदाब, साखर, झोप, गुडघे, मन यांच्यासाठी मात्र व्यायामाला दुसरं औषध मला सापडलेलं नाही.

आता काट्याचं. तुम्ही दिवसातून तीन वेळा वजन करता म्हणालात. इटलीतल्या पादुआचे वैद्य सान्तोरियो यांनी तराजूला टांगलेली खुर्ची बनवली होती. तिच्यात बसून त्यांनी जवळपास तीस वर्षं आपलं खाणं, पिणं आणि शरीरातून बाहेर पडणारं सगळं तोललं, आणि निरीक्षणं १६१४ साली छापली. त्यांना दिसलं ते असं की खाल्ल्या-प्यायल्याचा मोठा भाग डोळ्यांना न दिसता, श्वासातून आणि कातडीतून, हवेत निघून जातो. तुम्ही रात्री झोपता आणि काहीही न करता सकाळी काही शे ग्रॅम हलक्या उठता, ते याचमुळे. पेजेचा मोठा वाडगा प्यायलात की तो वाडगा काट्यावर दिसतो, शौचाला जाऊन आलात की तेही दिसतं. सकाळ-संध्याकाळमध्ये एक-दीड किलोचा फरक निरोगी माणसात रोज पडतो. मग तीन वेळा वजन करून तुम्हाला काय कळणार? मन तेवढं तीन वेळा दुखतं.

सकाळी उठल्यावर शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पातळ कपड्यांत, एकाच काट्यावर उभ्या राहा. काटा कडक आणि सपाट फरशीवर असू दे. जुन्या घरांतल्या खालीवर झालेल्या लाद्यांवर तोच काटा दोन कोपऱ्यांत दोन आकडे देतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. रोज आकडा लिहा, पण त्यावर विचार करू नका. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा आणि फक्त ती सरासरी मागच्या रविवारच्या सरासरीशी ताडून बघा. रोज आकडा बघून जीव कासावीस होत असेल तर रोज बघूच नका. पाळी संपल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी एकदा, पुढच्या महिन्यात त्याच दिवशी एकदा, एवढंही पुरतं.

त्याहून जास्त विश्वास मी शिंप्याच्या टेपवर ठेवते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा. आपल्या भारतीय बायकांत हा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांत ९० च्या वर गेला की मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका वाढतो. दर पंधरा दिवसांनी एकदा लिहून ठेवा. वजन वाढलेलं असताना घेर दोन सेंटिमीटर कमी झालेला मी कित्येकदा पाहिलाय, आणि त्या क्षणी बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला आवडतं. सोबत सकाळी अंथरुणातच मनगटावर नाडी मोजा, पूर्ण मिनिटभर. आणि फर्मागुढीच्या चढावर मैत्रिणीशी बोलता येतं का ते बघा. पहिल्या आठवड्यात एकेक शब्द तुटत असेल, आता अख्खं वाक्य येत असेल. तो बदल काट्यावर कधीच दिसणार नाही.

घामाबद्दल दोन वाक्यं, कारण पावसाळ्यात रेनकोट घालून मुद्दाम घाम काढणारे लोक मला भेटतात. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता टपकतो, आणि अंग थंड होत नाही. तासाभरात अर्धा ते एक लिटर घाम जातो, काट्यावर तेवढं वजन कमी दिसतं, आणि पाणी प्यायलं की परत येतं, यायलाच हवं. रेनकोटात चालून चरबी जास्त जळत नाही, उष्माघाताचा धोका मात्र वाढतो. तसंच तुमच्या ट्रेनरनं क्रिएटिनची पावडर सुचवली असेल तर तिनंही सुरुवातीला किलो-दोन किलो पाणी चढतं, ते लक्षात ठेवा.

काही लक्षणं मात्र पाणीच आहे म्हणून सोडून द्यायची नसतात. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, आडवं झाल्यावर दम लागतो, चेहरा सकाळी सुजलेला असतो, दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन चढतं, यातलं काहीही असेल तर हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्या. कडक व्यायामानंतर स्नायू दगडासारखे होऊन असह्य दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर वाट बघत बसू नका, १०८ बोलवा किंवा सरळ इस्पितळ गाठा. स्नायूंची इजा मोठी असली की त्यातले घटक मूत्रपिंडांना निकामी करू शकतात. थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ आहे, केस गळतात, थकवा जात नाही, तर थायरॉईडची टीएसएच तपासणी करा, त्यातही अंगात पाणी धरतं. रक्तदाबाची अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांना सूज येते, स्टिरॉईड, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. मधुमेहाची गोळी चालू असताना नव्यानं व्यायाम धरला असेल तर साखर एकदम उतरू शकते, आणि उतरली की माणूस गोड खातो. ते टाळायला गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं.

तुमच्याबद्दल माझा अंदाज असा. गोळ्या थांबल्या, मीठ आवरलं, की आठवडाभरात पाऊण किलोच्या आसपास उतरेल. स्नायूंचं पुरुमेंत आणि रक्तातलं पाणी राहील, ते राहूच दे. सहाव्या आठवड्यानंतर, जेवण सांभाळलंत तर, सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलोनं खाली यायला लागेल, तीही सरळ रेषेत येणार नाही. आठ आठवडे पूर्ण झाले, सरासरी हललेली नाही आणि कमरेचा घेरही तेवढाच आहे, तर मग पाण्याचं कारण संपलं. तेव्हा एक आठवडा जे जे तोंडात जातं ते सगळं, चहातल्या साखरेसकट, आमटीतल्या खोबऱ्यासकट, एका वहीत लिहा आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा. ती तारीख जुलैच्या शेवटी येते. तोपर्यंत जिमचे तीन दिवस तसेच ठेवा, आणि फर्मागुढीहून उतरताना पावलं लहान टाका, पावसानं रस्ता निसरडा झालाय.